चाकांवरचे घर आणि इगतपुरीचा पाऊस

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण चाकांवर बिऱ्हाड मांडणारी माणसे आपल्याकडे नवी नाहीत. ऊसतोड कामगार बैलगाडीत संसार घालून हंगामाला निघतात. रेल्वेही दूरच्या कामांवरील माणसांना जुन्या डब्यांतून राहायला जागा देते. २०२१ साली तर महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. तेव्हा जुन्या गाडीचे राहते घर करावयाचे झाल्यास काय पाहिले पाहिजे, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

इगतपुरी हे त्यासाठी खरे परीक्षेचे ठिकाण. थळ घाटाच्या माथ्यावर, सुमारे सहाशे मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. येथे जे घर टिकेल ते कोठेही टिकेल.

पहिला प्रश्न उष्णतेचा. पोलादातून उष्णता लाकडापेक्षा सुमारे तीनशे पट सहज वाहते. त्यामुळे पत्र्याची गाडी उन्हात तापते आणि पौषात गारठते. २०२० च्या साथीत रेल्वेने पाच हजारांहून अधिक डबे रुग्णांसाठी सज्ज केले, तेव्हा उन्हाळ्यात हीच अडचण आली आणि छतांना उष्णता परतवणारा रंग देऊन पाहावा लागला. उपाय एकच : पत्रा आणि खोली यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेचा थर ठेवणे. थर्मोकोल किंवा काचलोकर हेच काम करते. थर्मोकोल स्वस्त खरा, पण पेट घेतो. काचलोकर पेटत नाही, पण भिजली की निरुपयोगी होते.

आणि भिजण्याचे भय केवळ बाहेरच्या पावसाचे नसते. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे घरगुती सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक! त्यात माणसांच्या श्वासाची भर. ही वाफ थंड पत्र्याला लागून थेंब होते, आणि आतल्या फळ्यांमागे कोणाच्या नजरेस न पडता गंज धरतो. म्हणून काचलोकरीच्या आतल्या अंगाला, खोलीच्या बाजूने, वाफ अडविणारा अखंड पडदा हवा आणि चुलीवर हवा बाहेर टाकणारा लहान पंखा हवा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. गारठा आहे म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवून कोणी झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. एक झरोका खाली व एक वर, हे दोन्ही कायमचे उघडे असावेत. पण झरोके आहेत म्हणून शेगडी चालेल, असे मात्र समजू नये.

आता विजेचा हिशेब. तीन दिवे, फोन व बाहेर हवा टाकणारा पंखा यांना दिवसाला सुमारे १५० वॅट-तास लागतात. उन्हाळ्यात वाऱ्याचा पंखा धरून ३५०. दोनशे वॅटचे सौर पटल स्वच्छ उन्हात सुमारे ८०० देते, पण दाट ढगांत त्याचा पाचवा किंवा दहावा हिस्साच हाती येतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतील निम्मी वीज, म्हणजे ६०० वॅट-तास, वापरावी; अधिक काढल्यास ती लवकर मरते. सुदैवाने आषाढात इगतपुरीत वाऱ्याच्या पंख्याची गरज नसते. तरीही झड लागली की ही पुंजी चार-सहा दिवसांतच ओसरू लागते. तेव्हा दुसरे पटल घ्यावे. पाण्याची मात्र ददात नाही. बारा चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की १२० लिटर पाणी मिळते. पिण्यापूर्वी ते गाळून उकळावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

कामाचा क्रम असा असावा : आधी गळती बंद, मग गंज खरवडून रंग, त्यानंतर तारा, झरोके व उष्णतारोधक थर, आणि शोभेच्या फळ्या सर्वांत शेवटी. एक पावसाळा कोरडा गेला की मगच त्या ठोकाव्यात. घर चाकांवर असो वा जोत्यावर, पाणी, वारा आणि ऊब यांची व्यवस्था नीट लागली म्हणजेच ते घर होते.