अद्भुतरम्य व्हिडिओ गेमचे चित्रपटीय माध्यमांतर : इष्टता आणि मर्यादा

प्रस्तावना

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेण्याचा व्यवहार मराठी वाचकाला अपरिचित नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि कादंबरी, नाटक व चित्रपट यांच्या परस्परसंबंधांची चर्चा आपल्याकडे तेव्हापासून अधूनमधून होत आली आहे. या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मूळ संहिता आधीच पूर्ण झालेली आहे. श्यामच्या आयुष्यात पुढे काय घडणार हे वाचक ठरवत नाही आणि प्रेक्षकही ठरवत नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र हे गृहीतकच डळमळीत होते. खेळाडूने कळ दाबल्याशिवाय तेथे कथानक पुढे सरकत नाही. अशा कृतीचा चित्रपट करावा काय, केल्यास त्यातून काय हाती लागते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात अद्भुतरम्य खेळांपुरता केला आहे. हा विषय विद्यार्थ्यांच्या करमणुकीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण 'कथा' या संकल्पनेच्या व्याख्येशीच त्याचा संबंध पोहोचतो.

सैद्धांतिक भूमिका

लिंडा हचन यांनी माध्यमांतरावरील आपल्या २००६ सालच्या ग्रंथात कथेशी नाते जोडण्याच्या तीन रीती मानल्या आहेत : सांगणे, दाखवणे आणि सहभागी होणे. कादंबरीवरून चित्रपट होतो तेव्हा सांगण्याकडून दाखवण्याकडे प्रवास होतो. खेळावरून चित्रपट होतो तेव्हा सहभागाकडून दाखवण्याकडे यावे लागते, म्हणजे आस्वादकाकडून एक अधिकार काढून घ्यावा लागतो. एस्पेन आरसेथ यांनी १९९७ सालीच असे प्रतिपादन केले होते की, अशा संहितांमध्ये वाचकाला केवळ अर्थ लावून भागत नाही. संहितेतून वाट काढण्यासाठी त्याला प्रत्यक्ष श्रम करावे लागतात. हे श्रम हाच आस्वादाचा गाभा असेल, तर ते वगळल्यावर उरणाऱ्या कथेचे मोल किती, हा खरा प्रश्न आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे उदाहरण

या प्रश्नाच्या विवेचनास 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली ॲपल टू संगणकासाठी हा खेळ तयार केला. त्यातील राजपुत्राच्या हालचाली जिवंत वाटाव्यात म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावणे आणि उड्या मारणे चित्रित केले व ती चित्रे एकेक करून संगणकावर उतरवली. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. म्हणजे या खेळाच्या जन्मातच चित्रपटाचा वाटा आहे. खेळ आणि चित्रपट यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी हा तपशील नजरेआड करू नये.

२००३ साली या मालिकेत 'द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ आला. त्याचे लेखन मेकनर यांचेच होते. कथेचा आरंभ भारतात, एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने होतो. राजपुत्राला तेथे काळ मागे फिरवणारा खंजीर मिळतो. आणि त्या महाराजाची कन्या फराह ही पुढे त्याची सोबतीण होते. खेळाडूची उडी चुकली, राजपुत्र दरीत कोसळला, तर खंजिराच्या साहाय्याने काही क्षण मागे जाऊन तीच उडी पुन्हा मारता येते. येथवर ही केवळ एक सोय वाटेल. परंतु संपूर्ण खेळ हा राजपुत्राने सांगितलेल्या गोष्टीच्या रूपात रचलेला आहे. खंजिरातील वाळू संपून राजपुत्र खरोखरच मेला, तर निवेदकाचा आवाज ऐकू येतो आणि तो स्वतःला सावरतो : असे काही घडले नव्हते, आपली सांगण्यात चूक झाली. खेळाडूचे अपयश अशा रीतीने निवेदकाच्या विस्मरणात जमा होते. ही गोष्ट तो कोणाला सांगत होता, हे अखेरीस उघड होते. काळ हल्ल्यापूर्वीच्या रात्रीपर्यंत मागे गेलेला असतो आणि श्रोता असते फराह, जिला त्यातले काहीच आठवत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते घडलेलेच नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अनुवादामुळे अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठी वाचकाला एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहेत. प्राण वाचवण्यासाठी गोष्ट सांगत राहणाऱ्या शहाजादीची आठवण या रचनेत झाल्यावाचून राहत नाही.

२०१० साली माइक न्यूवेल यांच्या दिग्दर्शनाखाली या खेळावर चित्रपट आला. सुमारे २० कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ३३ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, तरी त्याची मालिका पुढे चालली नाही. चित्रपटाच्या मूळ कथेचे श्रेय मेकनर यांनाच असल्यामुळे खेळ न समजलेल्या लोकांनी तो बिघडवला, ही नेहमीची तक्रार येथे लागू पडत नाही. भारतातील महाराजाच्या जागी आलमूत नगरी आली, फराहच्या जागी तमिना आली. हे बदल गौण आहेत. खंजीर राहिला, काळ मागे फिरवण्याचे प्रसंगही राहिले आणि शेवटी काळ हल्ल्याच्या क्षणापर्यंत मागे नेण्याची कल्पनाही राहिली. गेली ती चूक करण्याची मुभा. खेळात काळ मागे जातो तो खेळाडूच्या स्वतःच्या चुकीमुळे, त्यामुळे त्याच्या मनात खजिलपणा आणि सुटका या दोन्ही भावना एकदम उमटतात. चित्रपटात तोच खंजीर पटकथेने नेमून दिलेल्या जागी चालतो. प्रेक्षक वाळूचे दृश्य पाहतो, त्याने स्वतः काही गमावलेले नसते. निवेदकाचा सावरणारा आवाज तर चित्रपटात येणेच शक्य नव्हते. कथानक बरेचसे टिकूनही कथेचा अर्थ मात्र मागेच राहिला.

विश्व आणि कथानक

काही चित्रपटांची अडचण याहून साधी होती. 'फायनल फँटसी' या खेळमालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी २००१ साली स्वतःच 'द स्पिरिट्स विदिन' हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो २०६५ सालच्या पृथ्वीवर घडतो आणि खेळातील जादूचा त्यात मागमूस नाही. सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च झालेल्या या चित्रपटाची कमाई साडेआठ कोटींच्या आसपास राहिली. नाव तेवढे घेऊन अद्भुत रस मागे ठेवला, तर नावावर आलेला प्रेक्षकही नाराज होतो.

'वॉरक्राफ्ट' (२०१६) या चित्रपटाची चूक नेमकी उलट होती. दिग्दर्शक डंकन जोन्स या खेळाचे जाणकार होते आणि १९९४ सालच्या पहिल्या खेळातील मानव व ऑर्क यांचा संघर्ष दोन्ही बाजूंना न्याय देऊन मांडण्याचा त्यांचा प्रयत्न प्रामाणिक होता. मात्र ज्या विश्वात २००४ नंतर लक्षावधी खेळाडू वर्षानुवर्षे वावरले, त्याची राज्ये, घराणी आणि मंत्रविद्या दोन तासांत बसवताना नवख्या प्रेक्षकाची दमछाक झाली. अमेरिका व कॅनडात पाच कोटी डॉलरही न मिळालेल्या या चित्रपटाला चीनमध्ये मात्र २० कोटींहून अधिक मिळाले. ही तफावत केवळ कलात्मक गुणदोषांनी स्पष्ट होत नाही. चीनमध्ये या खेळाचा मोठा खेळाडूवर्ग आधीच तयार होता. खेळलेल्यांसाठी हा चित्रपट आपल्या गावाची छायाचित्रे पाहण्यासारखा होता, तर इतरांसाठी ती परक्या गावाची छायाचित्रे होती.

या पार्श्वभूमीवर 'आर्केन' (२०२१) या सचेतपट मालिकेचे यश बोलके आहे. ती चित्रपट नसून मालिका आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. तिला मिळालेला वेळ चित्रपटाला मिळत नाही. 'लीग ऑफ लेजंड्स' (२००९) या मूळ खेळात पाच विरुद्ध पाच असा सामना असतो आणि पात्रांचा पूर्वेतिहास त्रोटक असतो. खेळाडूने जगलेली अशी सलग कथाच तेथे नसल्याने लेखकांना ती हिरावून घ्यावी लागली नाही. व्हाय आणि जिंक्स या दोन बहिणींची ताटातूट त्यांनी मोकळेपणाने रचली. २०२२ साली या मालिकेला सर्वोत्कृष्ट सचेतपट कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला. 'मारिओ'च्या बाबतीतही १९९३ चा सजीव अभिनयाचा चित्रपट फसला आणि २०२३ च्या सचेतपटाने १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. तेथेही कथा नावापुरतीच होती, विश्व मात्र सर्वांच्या ओळखीचे होते. अर्थात कमाईवरून कलामूल्य ठरत नाही, पण खेळाच्या कोणत्या अंगाला प्रेक्षक ओळखतो हे त्यावरून कळते.

माध्यमांतराच्या बाजूने

माध्यमांतर मुळीच करू नये, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे घाईचे ठरेल. असे खेळ खेळण्यासाठी महागडे यंत्र लागते, बोटांचे कौशल्य लागते आणि कित्येक तासांची सवड लागते. या तिन्ही गोष्टी बहुसंख्य प्रौढांकडे नसतात. घरातील मुलगा महिनोन्महिने ज्या जगात रमलेला आहे, त्या जगात त्याच्या आईवडिलांना व शिक्षकांना दोन तास का होईना, शिरकाव मिळण्याचा चित्रपट हा जवळजवळ एकमेव मार्ग आहे. खेळाडूंचा एक वर्ग या माध्यमांतरांना अपमान मानतो. तो प्रवेशाचा हा प्रश्न सहसा लक्षात घेत नाही.

तरीही प्रत्येक खेळ त्यासाठी योग्य नाही. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या 'एल्डन रिंग' (२०२२) या खेळाच्या पूर्वकथेत कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा सहभाग होता. परंतु ती पूर्वकथा खेळाडूला कोणी सलग सांगत नाही. सापडलेल्या तलवारी, अंगठ्या, पडक्या मंदिरांतील मूर्ती यांच्या त्रोटक वर्णनांवरून ती त्याने स्वतः जुळवायची असते, आणि पुष्कळांना ती अखेरपर्यंत नीट जुळत नाही. शिलालेखांचे तुकडे जुळवणाऱ्या संशोधकाच्या कामाशी या अनुभवाचे साम्य आहे. २०२५ साली या खेळावरील चित्रपटाची घोषणा झाली असून दिग्दर्शन ॲलेक्स गार्लंड यांच्याकडे आहे. तेथे पटकथेला पहिला निर्णय घ्यावा लागेल तो याचा, की हे तुकडे प्रेक्षकाला जुळवून द्यायचे, की तुकडेच ठेवायचे.