बर्फाच्या वाटेवर

तुम्ही गुलमर्गची चित्रे पाहिली असतील. काश्मीरमधील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे सगळीकडे बर्फच बर्फ असतो. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. हा खेळ खेळण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे जातात. श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर आहे. शेवटचा, टंगमर्गपासूनचा सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता घाटाचा आहे.

घाट आपल्याकडेही आहेत. पण आपल्या घाटांत पाऊस आणि धुके असते. तेथे रस्त्यावर बर्फ असतो. म्हणून मोटारीची तयारी निघण्यापूर्वीच करावी लागते. ती कशी करतात, ते पाहू या.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये पाणी असते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. बंद जागेत वाढणारा हा बर्फ लोखंडालाही तडा पाडतो! म्हणून पाण्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य मिसळतात. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असले, तर ते मिश्रण उणे ३० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनातील तेलही दाट होते. म्हणजे इंजिन सुरू करायला जोर जास्त लागतो आणि बॅटरीची ताकद मात्र कमी झालेली असते. जुनी बॅटरी अशा वेळी दगा देते. ती आधीच तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट चाके. झिजलेले टायर बर्फावर घसरतात. थंडीने टायरमधील हवेचा दाबही कमी होतो. तो पुन्हा मोजावा. बर्फाच्या रस्त्यावर चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. इंजिन ज्या चाकांना फिरवते, त्याच चाकांना त्या बांधायच्या असतात. साखळी बांधण्याचा सराव घरीच करावा. बर्फात बोटे बधिर झाल्यावर हे काम शिकता येत नाही.

गाडीत फावडे, घोंगडी, विजेरी, खाऊ आणि पाणी ठेवावे. वाटेत वेग कमी ठेवावा. ब्रेक एकदम दाबू नये, कारण चाके जागीच थांबतात आणि गाडी घसरत जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. गाडी बर्फात अडकली, की लोक काचा बंद करून ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवतात. धूर बाहेर सोडणारी मागची नळी बर्फाने बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. आत बसलेल्या माणसाला गुंगी येते आणि झोपेतच त्याचा जीव जातो. म्हणून आधी ती नळी फावड्याने मोकळी करावी, इंजिन थोडा वेळच चालवावे आणि एक काच थोडी उघडी ठेवावी.

तहान लागल्यावर विहीर खोदून उपयोग नसतो. बर्फाच्या वाटेवर तर खोदायला वेळही मिळत नाही. तुम्ही कधी अशा प्रवासाला निघालात, तर सामान बांधण्याआधी गाडी तपासली का, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.