घासाची साखळी – भाग ९ : ज्वारी गेली, तिच्यामागे कोण कोण गेलं?

मागच्या आठवड्यात आपण लोणारच्या विवरात उतरलो होतो. सोड्याच्या त्या खाऱ्या पाण्यात हिरवट शेवाळ ऊन पिऊन कसं वाढतं, रोहित पक्षी चोचीनं ते कसं गाळून घेतात, आणि जून २०२० मध्ये पाणी घटून खारटपणा वाढल्यावर मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी अख्खं तळं गुलाबी कसं केलं, हे पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्या रंगाचं कोडं उलगडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. साऱ्या जगानं ते फोटो पाहिले. विवराच्या काठावरून वर येऊन मेहकरच्या दिशेनं बारा-तेरा किलोमीटर गेलं की सुलतानपूर लागतं. तिथल्या वावरांत गेल्या तीसेक वर्षांत जे बदललं, त्याचा फोटो मात्र कुणी काढला नाही. एक पीक गेलं आणि दुसरं आलं. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे.

दसरा झाला की सुलतानपूरच्या शिवारात मळणीयंत्रांची घरघर सुरू होते. सोयाबीन सोंगून गंज्या लागलेल्या असतात, वर ताडपत्र्या, कारण परतीच्या पावसाचा भरवसा नाही. यंत्राच्या एका तोंडातून पिवळे दाणे पोत्यात पडतात आणि दुसऱ्या तोंडातून कुटाराची धूळ उडते. पोती ट्रॉलीत चढतात, ट्रॉली बाजार समितीच्या वाटेला लागते. ज्या घरानं चार महिने हे पीक सांभाळलं, त्या घराच्या चुलीपर्यंत यातला दाणाही जात नाही.

मग हा दाणा कुणाच्या पोटात जातो? सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के. ते काढून घेतल्यावर उरते ती ढेप, आणि ढेपेतलं बरंचसं प्रथिन जातं कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे सुलतानपूरच्या काळ्या मातीतून निघालेली साखळी तेलगिरणीतून कोंबडीपाशी आणि तिथून कुठल्यातरी शहरातल्या ताटात पोचते. वनस्पती, ती खाणारा जीव, त्याला खाणारा माणूस अशा या पायऱ्या. रेमंड लिंडमन नावाच्या तरुण अमेरिकी संशोधकानं मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यात या पायऱ्यांचा हिशेब मांडला. त्याचा तो निबंध १९४२ मध्ये छापून आला, तेव्हा तो स्वतः हे जग सोडून गेला होता, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याच्या कामातून पुढं एक ठोकताळा रूढ झाला : एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा उरतो. बाकीची जीव जगवण्यात, हालचालीत, उष्णतेत खर्ची पडते. माणूस दाणा स्वतः खातो तेव्हा साखळी आखूड असते आणि तेवढ्याच जमिनीवर जास्त पोटं भरतात. साखळी लांबली की प्रत्येक पायरीला ऊर्जेची तूट येते. अंडी-कोंबडी खाऊ नये असं मी म्हणत नाही. गावची जमीन कुणाचं ताट भरते, एवढं ठाऊक असावं.

आता ज्वारीकडे या. इथं जरा थांबूया, कारण या पिकाएवढं मोठं कुटुंब पोसणारं दुसरं पीक वऱ्हाडानं पाहिलेलं नाही.

खरिपाची ज्वारी माणसाच्या डोक्यावरून वर जायची. कणीस घरात, कडबा गोठ्यात, धसकटं मातीत नाहीतर चुलीत. तिफनीला सरता बांधून ज्वारीच्या तासांमध्ये तुरीचं तास, बाजूला मूग, उडीद. पोळ्याच्या सुमारास मूग-उडीद घरात यायचे, दिवाळीच्या पुढंमागं ज्वारी, आणि संक्रांतीनंतर तूर. पाऊस लवकर उघडला तर मूग हाती लागायचा, उशिरापर्यंत पडला तर तूर बहरायची. सगळंच बुडालं असं वर्ष क्वचित यायचं. अन्नसुरक्षा हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण वावरात तिची रचना उभी होती. खळ्यावर सांडलेले दाणे चिमण्या वेचायच्या, मुंग्या वारुळात न्यायच्या. कडबा खाऊन बैलांनी टाकलेलं शेण उकिरड्यावर जायचं आणि उन्हाळ्यात गाडीनं परत त्याच वावरात.

त्या शेणाचं काय होतं, ते कधी वाकून पाहा. ताजा पोवटा पडला की तासाभरात शेणकिडे गोळा होतात. काळा, चकचकीत, नखाएवढा किडा मागच्या पायांनी शेणाची गोळी करतो आणि उलटा चालत ती ढकलत नेतो. गोळी त्याच्यापेक्षा मोठी असते. पुढं मऊ जागा सापडली की ती जमिनीत पुरतो, मादी त्यात अंडं घालते. त्या बिळातून हवा आणि पाणी खाली जातं, खत आपसूक मुळांपाशी पोचतं. पाठ्यपुस्तकात अन्नसाखळीचं चित्र गवतापासून निघतं आणि वाघावर संपतं. त्या चित्रात हा किडा नसतो. माझ्या मते ते चित्रच अपुरं आहे. वाघापर्यंत गेलेलं सगळं परत मातीत आणणारे हे जीव नसतील, तर साखळी एकदाच चालेल, दुसऱ्या वर्षी नाही.

ज्वारीनं एकदा महाराष्ट्राला तारलंही आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, लोकांनी खाल्ली, रोजगार हमीच्या कामावर सुकडीवर दिवस काढले. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही विचारा, मिलोच्या भाकरीची चव अजून सांगतील. पुढच्या वर्षांत संकरित वाणांनी हात दिला. यातलं पहिलं वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आलं होतं. आमच्याकडे त्या ज्वारीचं नावच ‘हायब्रीड’ पडलं. हायब्रीडची भाकर, हायब्रीडचा कडबा.

मग ती गेली का? सुलतानपूरच्या एका बांधावर, आमच्या भाषेत धुऱ्यावर, बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, “भाऊ, ज्वारी पेरली तं जागल करा लागते. रातच्याले डुकरं, सकाळी पाखरं. पोरं गेली शयरात. जागल कोन करीन?” थोडं थांबून म्हणाले, “अन् कडबा खायाले बैल कुठी हायेत आता?”

या दोन वाक्यांत बरंच आलं. कणसात दाणा भरला असताना पाऊस लागला की खरिपाची ज्वारी काळी पडते आणि बाजारात तिला कुणी विचारत नाही. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, त्याच ओलीवर हरभरा घेता येतो, पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, तर संकरित ज्वारीचा ३,६९९. पोरांच्या शाळेची फी आणि बँकेचा हप्ता रोखीनं द्यायचा असताना शेतकऱ्यानं सोयाबीन निवडलं, यात त्याची चूक कुणी काढू नये. चूक आपली, जे धोरणं आखतात आणि जे नुसतं ताट ओढून बसतात त्यांची. कडबा पिकवणाऱ्याला आपण त्याचा मोबदला कधी दिला नाही, मातीत परत गेलेल्या शेणाचा भाव कधी लावला नाही.

ज्वारीमागे कडबा गेला, कडब्यामागे बैल, बैलामागे शेण, आणि शेणामागे शेणकिडा. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, शेणाच्या जागी पोत्यातलं खत. सोयाबीन शेंगवर्गातलं पीक आहे, मुळांच्या गाठींत नत्र धरतं, हे खरंच. पण शिवारभर एकच पीक म्हणजे एका किडीसाठी मैलोगणती मांडलेली पंगत. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला, तो याच वाटेनं. पांढरी माशी या पानावरून त्या पानावर विषाणू नेते. मध्ये ज्वारीची, मक्याची आडोशाची तासं नसली की तिला अडवणारं काही राहत नाही.

आता साखळीच्या मधल्या कड्या पाहू. दिवाळीनंतर सुलतानपूरच्या वावरात हरभरा डोलू लागतो आणि घाटेअळीची मादी कोवळ्या शेंड्यांवर एकेक अंडं ठेवत जाते. अळी मोठी झाली की घाट्याला भोक पाडते, डोकं आत खुपसते आणि निम्मं अंग बाहेर ठेवून दाणा पोखरते. एक अळी तीस-चाळीस घाटे रिकामे करते. याच वेळी काठीवर कोतवाल येऊन बसतो. काळा, दुभंगल्या शेपटीचा. मान वाकडी करून खाली पाहतो, झेप घेतो, अळी उचलतो आणि परत त्याच काठीवर. साळुंक्या सरीतून चालत चालत टिपतात, बगळे पाण्याच्या पाटाशी उभे राहतात. कृषी विद्यापीठं पक्षीथांबे लावा म्हणून सांगतात ते याचसाठी. त्यात एक सल्ला मला फार आवडतो : हरभरा पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळा. हरभऱ्याच्या वर निघालेली ज्वारीची ताटं म्हणजे फुकटचे पक्षीथांबे. जिला वावरातून काढलं, तीच राखणीला परत येते.

पण कोतवाल यायला जवळपास बाभूळ-कडुनिंब लागतात, आणि अळी विषानं माखलेली नसावी लागते. पहिल्या फवारणीत अळ्यांबरोबर त्यांना खाणारे ढालकिडे, कोळी आणि गांधीलमाशाही मरतात. अळ्या पुन्हा येतात, कारण त्यांची पिढी झपाट्यानं वाढते. त्यांना खाणारे तितक्या लवकर येत नाहीत. मग दुसरी फवारणी, तिसरी. चीननं १९५८ मध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची मोहीम काढली आणि कीड माजली. पुढच्या भयंकर दुष्काळाच्या कारणांत तेही एक होतं.

वरच्या टोकाला काय झालं? सुलतानपूरच्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त रडवतात ते रोही आणि रानडुकरं. त्यांना खाणारा लांडगा माळरानांबरोबर विरळ झाला, वाघ तर कधीच गेला होता. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ, ज्याला लोकांनी ‘वॉकर’ म्हटलं, महाराष्ट्र आणि तेलंगणातून भटकत तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला आणि आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. अभयारण्य २०५ चौरस किलोमीटरचं. भक्ष्य पुरेसं होतं, पण जोडीदार नव्हता. एक वाघ आला म्हणून साखळी पुरी होत नाही. त्यासाठी जंगलापासून जंगलापर्यंत झाडोऱ्याची सलग वाट लागते आणि ती वाट शेतांतून, महामार्गांतून जाते.

शेवटी ताटाकडे येऊ. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. फार मोठं काम झालं, त्यानं भुकेची धार बोथट केली. पण आपल्याकडे रेशनवर येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ, आणि सुलतानपूरच्या कोरडवाहू वावरात या दोन्ही गोष्टी पिकत नाहीत. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या, म्हणजे बुलढाण्यातल्याही, केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना आधी सवलतीचं धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर येऊ लागले, पुढं त्याचे १७० झाले. ज्याच्या मालकीची जमीन आहे, ज्यानं यंदाही क्विंटलांनी दाणा पिकवला, त्याच्या घरच्या भाकरीसाठी सरकार पैसे पाठवतं आणि तो ते घेऊन दुकानातून ज्वारी विकत आणतो. मला यात कुणाची दया येत नाही, राग येतो.

अख्खं वावर बदला असं मी सांगणार नाही. तो सल्ला देणं सोपं असतं, पेरणाऱ्याला परवडत नाही. पण येत्या दहा-पंधरा दिवसांत हरभऱ्याची पेरणी सुरू होईल. या वेळी बियाण्यात दोन-चार मुठी ज्वारी टाका. धुऱ्यावरची एक बाभूळ तोडायची राहू द्या. पहिली फवारणी करण्याआधी सकाळी तासभर वावरात उभे राहा आणि ताटावर कोण येऊन बसतं, ते मोजा. मोजलेला आकडा आणि गावाचं नाव मला पोस्टकार्डावर कळवा. आलेली सगळी पत्रं संक्रांतीच्या भागात छापू.