पेशींतील रफूगार

ज्येष्ठ रुग्णांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘डॉक्टर, यंत्र जुने झाले, आता झिजणारच!’ उपमा समर्पक वाटते खरी, पण ती अर्धीच खरी आहे. पिठाची गिरणी किंवा शिवणयंत्र झिजू लागले की झिजतच जाते. त्याला बाहेरून कारागीर बोलवावा लागतो. शरीर मात्र चालता चालता स्वतःला दुरुस्त करीत असते. जखम भरून येते, मोडलेले हाड सांधले जाते, हे आपण पाहतोच. याहून कितीतरी सूक्ष्म अशी एक दुरुस्ती प्रत्येक पेशीच्या केंद्रकात अहोरात्र चालू असते. ती दुरुस्ती असते डीएनएची, आणि ती करणारे कारागीर असतात प्रथिने. हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. सीटी स्कॅन करावा की नाही, मुलाने परदेशातून पाठवलेली ‘तारुण्य राखणारी’ गोळी घ्यावी की नाही, आणि आत्या नेमकी कशाने गेली हे नातीला सांगावे की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याशी निगडित आहेत.

एका पेशीतील डीएनए उलगडून सरळ केला, तर तो सुमारे २ मीटर भरेल. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात तो घडी घालून ठेवलेला असतो. त्यावर चार अक्षरांच्या लिपीत आपला सारा वारसा लिहिलेला आहे. आईकडून व वडिलांकडून आलेला मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांचा. एवढा मौल्यवान दस्तऐवज अत्यंत टिकाऊ असणार, असाच शास्त्रज्ञांचाही समज होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी टोमास लिंडाल या स्वीडिश वैद्यकशास्त्रज्ञाने तो मोडीत काढला. ऊन नको, विष नको. पेशीतील साध्या पाण्याच्या सान्निध्यातच डीएनएची अक्षरे गळून पडतात, आणि एकेका पेशीत दररोज सुमारे १० हजार अक्षरे अशी गळतात, असा त्याचा हिशेब होता. त्यात आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूचे आघात वेगळेच. इतकी हानी होऊनही आपण जिवंत आहोत, त्या अर्थी ती भरून काढणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असे म्हणून लिंडाल तिच्या शोधास लागला.

ती यंत्रणा समजून घेण्यास रफूगाराचे काम आठवावे. डीएनए हा एकेरी धागा नव्हे, दुहेरी आहे. एका धाग्यावर ‘ए’ असेल तर समोर ‘टी’, आणि ‘जी’ असेल तर समोर ‘सी’. म्हणजे एका बाजूचा मजकूर बिघडला तरी समोरची बाजू पाहून तो पुन्हा लिहिता येतो. एक प्रथिन धाग्यावरून सरकत बिघडलेले अक्षर हुडकते, ते किंचित बाहेर वळवून पारखते आणि छाटून टाकते. दुसरे प्रथिन त्या जागी धागा कापते. तिसरे समोरच्या धाग्याकडे पाहून योग्य अक्षर बसवते, आणि लायगेज नावाचे चौथे प्रथिन टोके सांधून टाका पक्का करते. वस्त्रावर खूणही उरत नाही. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमच्या शरीरात असे अगणित टाके पडून गेलेले असतील.

उन्हातील अतिनील किरणांची हानी निराळी. त्यात शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि धाग्याला गाठ बसते. तेव्हा एक अक्षर काढून भागत नाही. गाठीच्या दोन्ही बाजूंना काप देऊन सुमारे ३० अक्षरांचा तुकडाच उचलावा लागतो. हा उलगडा ज्याने केला तो अझीझ संजार मूळचा तुर्कस्तानातील एका लहान गावचा, आणि संशोधनाकडे वळण्यापूर्वी त्याने आपल्या मुलखात साधा डॉक्टर म्हणून काम केले होते. आम्हा फॅमिली डॉक्टरांना याचे थोडे कौतुक वाटले, तर वाचकांनी ते गोड मानून घ्यावे! ही दुरुस्ती जन्मतः करता न येणारी काही मुले असतात. त्यांच्या त्वचेवर उन्हाने लहानपणीच डाग उमटतात आणि कोवळ्या वयात कर्करोग होतो. झेरोडर्मा पिगमेंटोसम या त्या विकाराचे मूळ दुरुस्तीच्या अभावात आहे, हे १९६८ साली अमेरिकेतील जेम्स क्लीव्हरने दाखवले.

पेशी दुभंगताना सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो, तेव्हा नकलनवीसाच्या चुका होतात. त्या शोधणारे मुद्रितशोधकही पेशीत आहेत. त्यांच्यामुळे चुका शेकडो पटींनी घटतात. त्यांचे काम पॉल मॉडरिच याने उलगडले. लिंडाल, मॉडरिच आणि संजार या तिघांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे दोन्ही धागे एकदम तुटणे. क्षकिरणांनी हे होऊ शकते. समोर पाहायला धागाच उरत नाही. अशा वेळी काही प्रथिने टोके पकडून घाईने जोडून टाकतात. गोधडीच्या टाक्यासारखे काम, एखाददुसरे अक्षर हरवतेही. दुसरा मार्ग अचूक पण सावकाशीचा : पेशीत नुकतीच तयार झालेली दुसरी प्रत शोधून तिच्यावरून तुटलेला भाग पुन्हा लिहायचा. या दुसऱ्या मार्गावर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने काम करतात. त्यांच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

येथे सीटी स्कॅनचा प्रश्न येतो. २००५ साली जर्मनीतील संशोधकांनी स्कॅन झालेल्या रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तपासल्या. दोन्ही धागे तुटल्याच्या खुणा स्कॅननंतर लगेच वाढलेल्या दिसल्या आणि २४ तासांत त्या जवळजवळ पूर्ववत झाल्या. पूर्वी किरणोपचारांचा असाधारण त्रास झालेल्या एका रुग्णात मात्र तुटी अधिक होत्या आणि दुरुस्ती मंदावलेली होती. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये मिळणारा किरणोत्सर्ग हा आपल्याला निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळणाऱ्या किरणोत्सर्गाइतका असतो. त्यातून क्वचित कर्करोग उद्भवलाच, तर त्याला बहुधा अनेक वर्षे लागतात. म्हणून पंचाहत्तरीच्या माणसाने, डॉक्टरांनी आवश्यक म्हणून सांगितलेला स्कॅन किरणांच्या भीतीने टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंका विचारायचीच असेल, तर शिरेतून औषध देणार का आणि त्याआधी क्रिएटिनिन पाहिले का, हे विचारावे. वाढत्या वयात मूत्रपिंडाची काळजी अधिक रास्त आहे. नातवंडाचा स्कॅन असेल तेव्हा मात्र ‘याच्याशिवाय भागेल का?’ असे जरूर विचारावे. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असा किरणोत्सर्ग नसतो.

मग वार्धक्याचे काय? सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाने याबाबत मोठी मौजेची माहिती हाती दिली आहे. १९७४ साली हार्ट आणि सेटलो या शास्त्रज्ञांनी चिचुंदरीसारख्या श्रूपासून हत्ती व माणसापर्यंत सात प्राण्यांच्या पेशी पाहिल्या; दीर्घायुषी प्राण्यांत अतिनील किरणांच्या हानीची दुरुस्ती अधिक होत होती. २०२२ साली केंब्रिजजवळील सँगर संस्थेच्या संशोधकांनी सोळा सस्तन प्राण्यांच्या आतड्यातील पेशींत दरवर्षी साचणारे बदल मोजले. उंदरात ते वर्षाला सुमारे ८०० निघाले, माणसात ४७. आयुष्यमान तिसेक पटींनी भिन्न असूनही, आयुष्याच्या अखेरीस साचलेल्या बदलांची संख्या या प्राण्यांत साधारण तीन पटींच्या आतच राहिली. याच बदलांमुळे वार्धक्य येते हे यावरून सिद्ध होत नाही. परंतु आपल्या वाट्याला आलेली सत्तर-ऐंशी वर्षे आणि आपल्या पेशींची निगुतीची दुरुस्ती यांचा काही संबंध असावा, असे मानायला जागा आहे.

नेमक्या याच जागेत गोळ्यांचे व्यापारी शिरले आहेत. ‘डीएनए दुरुस्त करणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गोळीने माणसाचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट सावध करणारे उदाहरण आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांचा अभ्यास झाला. त्यात बीटा-कॅरोटीन हे तथाकथित संरक्षक द्रव्य गोळीरूपाने दिलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला, असे १९९४ साली प्रसिद्ध झाले. गाजर खावे, गोळीचा आग्रह धरू नये. रफूगाराची मजुरी वाढवता येत नसेल, तर निदान कापड फाडणे थांबवावे. तंबाखूतील द्रव्ये डीएनएला अक्षरशः चिकटून बसतात. आपल्याकडे आजीच्या मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाला उत्तर आहे : ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घ पाहणीत साठीला सिगारेट सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभले.

आता घरातल्या कर्करोगाविषयी. काही कुटुंबांत या दुरुस्ती-प्रथिनांपैकी एखाद्याचे जनुकच सदोष असते आणि पिढीजात उतरते. मुद्रितशोधक सदोष असेल तर मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग तुलनेने लवकरच्या वयात होण्याचा धोका वाढतो. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. बीआरसीए सदोष असेल तर स्तनाचा व बीजांडकोशाचा धोका वाढतो. प्रत्येक अपत्याकडे हा दोष जाण्याची शक्यता निम्मी, मग ते मुलगी असो वा मुलगा. तो वडिलांकडूनही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोष कळला तर करण्यासारखे पुष्कळ आहे : लिंच सिंड्रोममध्ये तरुणपणापासून एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून गाठ वेळीच काढता येते. ज्या गाठीत बीआरसीएचा मार्ग आधीच बंद आहे, तिचा दुसरा दुरुस्ती-मार्ग अडवणारी ओलापॅरिबसारखी औषधे २०१४ पासून उपलब्ध आहेत. दोन्ही वाटा बंद झाल्या की कर्कपेशी स्वतःच्या हानीखाली कोसळते.

आणि तरीही आपल्या घरांत या आजाराबद्दल मौन पाळले जाते. ‘नातीचे लग्न व्हायचे आहे, बाहेर बोलू नका’ असे मला कित्येकदा बजावले गेले आहे. लोकलज्जा मला समजते. पण बाहेर न सांगणे वेगळे आणि नातीलाच न सांगणे वेगळे. तरुण मुलीला ‘घरात कोणाला कर्करोग होता का?’ असे विचारले, तर ती ‘माहीत नाही’ म्हणते. माहिती असते ती आजी-आजोबांना. आत्या ‘पोटात पाणी होऊन’ गेली, थोरले काका ‘मूळव्याधीने रक्त जाऊन’ पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, या आठवणींमागे कदाचित बीजांडकोशाचा किंवा आतड्याचा कर्करोग असू शकतो.

म्हणून एका वहीत आई आणि वडील या दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहून काढा : कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. पन्नाशीच्या आतले आजार ठळक करा. ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांचा बायोप्सीचा मूळ अहवाल जपून ठेवा. माणूस गेल्यावर फाईल रद्दीत टाकू नका. जनुकीय तपासणी घ्यायची झाली, तर शक्यतो ज्याला आजार झाला आहे त्याचीच आधी करतात, कारण त्याच्यात दोष सापडला तरच इतरांत नेमके काय शोधायचे हे कळते. ती पंचाहत्तरीची आजी असेल, आणि ‘माझे आता काय तपासता?’ असे ती म्हणाली, तर तिला समजावून सांगा की ही तपासणी तिच्या मुलींसाठी, मुलांसाठी आणि नातवंडांसाठी आहे.