सर्व्हरची देखभाल : लेखांक ६
लॉग बदला, सेवा थांबवू नका

लॉगमध्ये काय लिहावं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आता प्रश्न त्या लॉगच्या वाढत जाणाऱ्या फाइलीचा. आसनगाव स्थानकावर पहाटे कोणी मोबाइलवर लोकलचं तिकीट काढतं, रात्री उशिरा शहापुरात कोणी यूपीआयने पैसे देतं. अशा सेवांना बंद ठेवायला मोकळी वेळच नसते. म्हणून अॅप्लिकेशन चालू ठेवूनच लॉग बदलायला हवा.

पहिला उपाय सुचतो तो नाव बदलण्याचा. पण तेवढ्याने भागत नाही. लिनक्समध्ये फाइलीची खरी ओळख म्हणजे तिचा आयनोड क्रमांक. सातबाऱ्यावरचं नाव बदललं तरी गटाची जमीन जागची हलत नाही, तसंच हे. अॅप्लिकेशनने फाइल एकदा उघडली की ते नावाकडे पुन्हा बघत नाही, त्याच आयनोडमध्ये लिहीत राहतं. फाइल डिलीट केली तरी अॅप्लिकेशन ती बंद करेपर्यंत जागा सुटत नाही. डीएफ डिस्क भरल्याचं सांगतं आणि डीयूला ती फाइल सापडतच नाही, असं दिसलं तर एलएसओएफ चालवून डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली शोधा.

म्हणजे नाव बदलल्यावर अॅप्लिकेशनला फाइल पुन्हा उघडायला सांगणं हे खरं काम. एनजिनएक्सच्या मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल दिला की ते नवी फाइल उघडतं आणि एकही ग्राहक तुटत नाही. आरसिसलॉगला एचयूपी सिग्नल लागतो. लॉग ठरावीक काळाने बदलणाऱ्या लॉगरोटेट या साधनात हा आदेश पोस्टरोटेट भागात लिहितात. सोबत जुन्या फाइलीचं कॉम्प्रेशन पुढच्या फेरीपर्यंत लांबवणारा डिलेकंप्रेस पर्याय ठेवा, कारण सिग्नलनंतरही काही क्षण जुन्या फाइलीत ओळी येऊ शकतात.

ज्या अॅप्लिकेशनला असा सिग्नल कळत नाही, त्याच्यासाठी कॉपीट्रंकेट आहे. ते फाइलीची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करतं. मात्र या दोन कृतींच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी कायमच्या जातात. शिवाय अॅप्लिकेशनने फाइल अपेंड पद्धतीने उघडली नसेल, तर ते जुन्याच जागेपासून पुढे लिहितं आणि फाइलीच्या सुरुवातीला शून्य बाइट्सची रांग लागते. पैशांचे व्यवहार नोंदवणाऱ्या लॉगला हा पर्याय लावू नका.

किती दिवसांचे लॉग ठेवायचे, हेही मनाने ठरवू नका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी मागच्या १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवायचे आहेत. डेली आणि रोटेट १८० लिहिलं तर हिशेब जुळतो. आकारावरून फाइल बदलत असाल, तर १८० फाइली म्हणजे १८० दिवस नव्हेत. गर्दीच्या दिवशी एकाच दिवसात अनेक फाइली होतात आणि जुन्या नोंदी मुदतीआधीच पुसल्या जातात.

बदल केल्यावर लॉगरोटेट आधी डीबग पर्यायाने चालवून बघा, मग फोर्स पर्यायाने. नवी फाइल वाढते आहे आणि जुनी थांबली आहे, या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

पुढच्या आठवड्यात : अनेक सर्व्हरांचे लॉग एका जागी कसे आणावेत.