केंटचे हॉप, खांदेश्वरच्या गॅसवर

बिअर बनवायला परवाना लागतो. हॉप उकळून त्याचा काढा करायला लागत नाही. म्हणून खांदेश्वरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ आणि ‘फगल’ ही दोन जुनी इंग्लिश वाणं साध्या पाण्यातच पारखली.

हॉप म्हणजे एका वेलीची मादी फुलं. बाजारात ती सुकवून, दळून, दाबलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. गोळी तळहातावर चुरडली की हात चिकट होतो. हा चिकटपणा फुलातल्या पिवळ्या भुकटीतल्या राळेचा आणि सुगंधी तेलांचा.

एका पातेल्यात गोल्डिंग्ज तासभर उकळले. दुसऱ्यात गॅस बंद करून मग टाकले आणि पाच मिनिटांनी गाळले. पहिला काढा कडूजहर, पण वास जवळजवळ नाहीच. दुसरा सौम्य, आणि वास घमघमणारा. हॉपमधली अल्फा आम्लं नुसती पाण्यात नीट विरघळत नाहीत. बराच वेळ उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि कडवटपणा उतरतो. तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, काही हॉप सुरुवातीला घालतो आणि काही, कोथिंबिरीसारखे, अगदी शेवटी.

आता फगल, तसेच पाच मिनिटं. गोल्डिंग्जला फुलांचा, मधाकडे झुकणारा गोडसर वास. फगलला ओल्या मातीचा, लाकडाचा, किंचित पुदिन्याचा. दोघांतही अल्फा आम्लं साधारण चार-पाच टक्केच. ‘सिट्रा’सारख्या अमेरिकी वाणात ती दुपटीहून जास्त असतात आणि वासही आंबट फळांचा, भडक.

हॉपचं काम नुसतं चवीपुरतं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॉजसन यांच्या बो ब्रुअरीची बिअर आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येई. एवढ्या लांबच्या प्रवासात ती आंबू नये म्हणून हॉप सढळ हाताने घातले जात. त्यांची कडू आम्लं बिअर आंबवणारे जिवाणू रोखतात. पुढे इंग्लंडच्या बागांत फगलचंच राज्य झालं. विसाव्या शतकात ‘व्हर्टिसिलियम’ या बुरशीच्या मर रोगाने ते मोडलं. ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ या नावाला 2013 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं.

ही दोन्ही वाणं बिअरमधल्या माल्टची, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याची, चव झाकत नाहीत, हे त्यांचं खरं मोल. त्यांचा काढा करून पाहणार असाल, तर फोडलेलं पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्येच ठेवा. आपल्या उकाड्यात हॉपचा वास लवकर उतरतो.