पेणकर म्हणजे कोणाचे कोण?

पेणमध्ये राहणाऱ्याला कोणी पेणकर म्हणत नाही. गाव सुटलं, मुंबईला बिऱ्हाड झालं, पलटणीत किंवा शाळेत नाव घालायची वेळ आली, की माणूस पेणकर होतो. कोकणातल्या ‘कर’ आडनावांची रीत हीच. आडनाव एकच असलं तरी घरं वेगळी, जाती वेगळ्या, कधी धर्मही वेगळे. आडनावाने फक्त एवढंच कळतं, की हे लोक कधीतरी पेणहून निघाले.

ही गोष्ट सगळ्यात जास्त नडते ती बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीसेक हजार होती. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली आणि आता भारतात चार-पाच हजार माणसं उरली असतील. अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथे वाढलेली नातवंडं-पतवंडं आता पूर्वजांचा माग काढत निघाली आहेत. हातात असतं ते आडनाव: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर. पेणला उतरायचं, रिक्षावाल्याला सिनेगॉग विचारायचं आणि तिथल्या कबरस्तानात दगड वाचायला लागायचं. पहिल्याच दुपारी तीन पेणकर सापडतात आणि तिघांचा एकमेकांशी काय संबंध, ते काही केल्या लागत नाही.

अमेरिकेतल्या आयरिश घराण्यांची अडचण नेमकी याच्या उलट आहे. 1840च्या दशकातल्या दुष्काळात जहाजावर चढलेल्या पणजोबाचं आडनाव ठाऊक असतं, फार तर परगणा, पण वाडी कुठली ते नाही. त्यात 1922 साली यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळला आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे बरेचसे कागद गेले. आयरिश माणसाला कूळ माहीत, गाव नाही. आपल्या पेणकराला गाव माहीत, कूळ नाही. दोघांतलं कोणाचं बरं, ते सांगणं अवघड आहे. पण निदान पेणकराला विमानाचं तिकीट कुठलं काढायचं ते कळतं.

मूळ पुरुषाकडून सुरुवात करावी असं प्रत्येकाला वाटतं. इथे त्याचा उपयोग नाही. परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेले गावोगाव पांगले, घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ झाले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात (तो छापून यायला 1937 उजाडलं) हे आगमन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेलं आहे. इतर अभ्यासक ते बरंच अलीकडे आणतात. चित्पावनांच्या उत्पत्तीकथेतही किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतंच आहेत, हा योगायोग केहिमकरांच्याही नजरेतून सुटला नव्हता. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये पश्चिम आशियाई ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा ठळक दिसल्या आणि त्या एकत्र आल्या त्याला 19 ते 33 पिढ्या झाल्या असाव्यात असा अंदाज निघाला. समाजाचं मूळ कुठलं, या प्रश्नाला त्यातून बळकट उत्तर मिळालं. तुमचे पणजोबा कोणाचे, याला नाही. उलट शेकडो वर्षं आपसातच लग्नं झालेल्या लहान समाजात लाळेची चाचणी फसवते. दूरचा चुलता तिथे जवळचा दिसतो, कारण एकाच माणसाचं रक्त चार वाटांनी आलेलं असतं. चाचणीचा निकाल हातात घेऊन ‘आम्ही सख्खे’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

खरा गुंता सोडवायचा तो मधल्या दोनशे वर्षांतला. तिथे पहिली गाठ नावांची.

दूर कशाला जायचं, मुंबईतलं उदाहरण घ्या. मशीद बंदरच्या इस्रायल मोहल्ल्यात 1796 साली बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी. कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. पण मराठीत हेच गृहस्थ समाजी हसाजी दिवेकर आहेत. सॅम्युएलचा समाजी, इझिकिएलचा हसाजी. तसाच मोझेसचा मुसाजी, अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बुनाजी. आता कल्पना करा, दगडावर हिब्रूत ‘शमुएल बेन यहेज्केल’, गावच्या कागदात समाजी हसाजी, पलटणीच्या इंग्रजी यादीत सॅम्युएल इझिकिएल. शोधणारा तीन माणसं धरतो आणि झाडाला दोन खोट्या फांद्या फुटतात.

इंग्रजी शिक्षण आल्यावर ‘कर’ गळायलाही लागला. कोणी बापाचं नाव आडनावासारखं लावलं, कोणी इस्रायल हेच आडनाव केलं. समाजाचे अभ्यासक बेंजामिन जे. इस्रायल यांच्या नावात गाव शोधून सापडणार नाही. कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदी गेलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी अलिबाग तालुक्यातलं झिराड ठेवलं, ‘कर’ सोडला. चित्रपटांतले डेव्हिड हे मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर नुसते डेव्हिड. सख्ख्या भावांनी तीन तऱ्हा केल्या, तर पुढच्या पिढीतली चुलत भावंडं कागदावर परकी होतात. त्यातून अनेक घरांत थोरल्याला आजोबांचं नाव द्यायची पद्धत. मुसाजी समाजी, समाजी मुसाजी, पुन्हा मुसाजी समाजी. पन्नास वर्षांच्या अंतराने तोच माणूस पुन्हा जन्मल्यासारखा दिसतो.

चित्पावनांच्या कुलवृत्तांतवाल्यांना निदान गोत्र आणि कुलदैवताची दुसरी खूण असते. आडनाव जुळलं, गोत्र नाही, तर फांदी वेगळी. बेने इस्रायलांना तीही सोय नाही. कोहेन आणि लेवी हे ज्यूंमधले वंशपरंपरागत वर्गही त्यांच्यात नव्हते. त्र्यंबकेश्वरी बसून सात पिढ्या वाचून दाखवणारा उपाध्या तर त्यांना कुठून असणार?

मग उरतो भूगोल. तोच नीट वापरला तर बरंच सुटतं, पण तो वापरायचा तर जुने नकाशे आणि कोणाचं राज्य कुठे होतं ते ठाऊक हवं. वाक्रूळ पेण तालुक्यात. तालुक्याचं जुनं नाव सांकशी, त्यामुळे जुन्या कागदात ‘तालुका सांकशी’ दिसलं की पान उलटू नये. अष्टमी कुंडलिकेच्या एका काठावर, रोहा दुसऱ्या काठावर. आज नगरपरिषद एकच असली तरी अष्टमकर आणि रोहेकर ही आडनावं वेगळी राहिली, आणि सिनेगॉग आहे ते अष्टमीत. पेण-रोह्याकडचा मुलूख 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला, अलिबाग आंग्र्यांकडे 1840पर्यंत होतं, मुरूड-म्हसळं जंजिऱ्याच्या सिद्दीकडे थेट 1948पर्यंत. मुलगी पेणची, दिली म्हसळ्याला, दीर नोकरीला अलिबागेत, एवढ्यात तीन राज्यांची दफ्तरं झाली. एकट्या कुलाबा जिल्ह्याच्या कागदांत (जिल्हा 1869चा, रायगड हे नाव 1981चं) ते कुटुंब पूर्ण सापडणारच नाही.

पेणचं सिनेगॉग 1863चं. तालुक्याच्या गावी प्रार्थनेला जागा, बाजार, कचेरी. आसपासच्या खेड्यांतली घरं हळूहळू तिकडे सरकली. त्यामुळे पेणच्या कबरस्तानात वाक्रूळकर असणं साहजिक आहे. ‘हे इथले नव्हेत’ म्हणून त्यांना वगळणं ही नवख्याची हमखास चूक. वाक्रूळकराचाच एक भाऊ पेणहून मुंबईला गेला आणि तिथे पेणकर म्हणवला, असं घडायला काहीच हरकत नाही.

दगड कसा वाचायचा, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. समजा वर्षाच्या जागी चार अक्षरं आहेत: ताव, रेश, मेम, गिमेल. म्हणजे 400, 200, 40 आणि 3, बेरीज 643. हजाराचा 5 लिहीत नाहीत, तो धरून चालायचा, म्हणजे ज्यू वर्ष 5643. इसवी सन हवं तर 643 मध्ये 1240 मिळवा: 1883. मात्र हे वर्ष सुरू होतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव महिना दिसला तर एक वजा करून 1882. खाली मराठीत शके 1804 असेल तर फारच छान. ते वर्ष इसवी सन 1882च्या चैत्रात सुरू होऊन 1883च्या फाल्गुनात संपलं. दोन पंचांगं एकमेकांवर ठेवली, की महिना झिजलेला असला तरी मृत्यू 1882चा सप्टेंबर ते पुढच्या वर्षीचा पाडवा एवढ्या सहा-सात महिन्यांत येतो. धोका आहे तो ‘हे’ आणि ‘हेत’ या जवळजवळ जुळ्या अक्षरांचा. एकाची किंमत 5, दुसऱ्याची 8. डाव्या पायाची वरची फट शेवाळाने बुजली, की माणूस तीन वर्षं उशिरा मरतो. म्हणून फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढावा. दगडावर खडू घासू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नको.

‘बेन’ म्हणजे मुलगा, ‘बत’ म्हणजे मुलगी, आणि दोन्हींच्या पुढे येतो तो बाप. केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, त्यातही वधू-वर आणि दोन्हीकडचे बाप. आईचा पत्ता नाही. खरी गळती इथे आहे. माहेरचं आडनाव गेलं, की अर्धं झाड गेलं. मामे-आते भावंडांत लग्नं होत, त्यामुळे सासू आणि आत्या एकच, अशी घरं कमी नव्हती. कागदावर दोन नाती दिसली म्हणून बाई दोन होत नाहीत. घरात एखादी म्हातारी मावशी असेल तर तिला ‘अमुक कोण’ असं विचारू नये. ‘तुझ्या लग्नात मानपान कोणाकोणाला होता’ असं विचारावं. मलिद्याच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या मंगलविधीतल्या ताटाभोवती कोण बसलं होतं, ते तिला आठवतं, वंशावळ आठवत नाही.

आणि काही नाती मुद्दाम पुसलेली आहेत. समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. तो कातडीच्या रंगावरून नव्हे, तर दोन्ही पालक बेने इस्रायल आहेत की एकच, यावरून ठरे. काळ्यांशी सोयरीक होत नसे, ताटही वेगळं असे. अशा घरातली फांदी गोऱ्यांच्या वंशावळीत लिहिली जाणं शक्यच नव्हतं. जुन्या वंशावळीत एखाद्या नावाखाली ‘निःसंतान’ दिसलं तर ते तसंच असेल असं नाही.

वंशावळ हा नुसता हौसेचा प्रश्न राहिला नाही, हे 1960च्या दशकात कळलं. बेने इस्रायल शेकडो वर्षं जगातल्या ज्यूंपासून तुटून राहिले, त्यांचे घटस्फोट आणि लग्नं धर्मशास्त्राप्रमाणे झाली असतील कशावरून, अशी शंका इस्रायलमधल्या काही रब्बींनी काढली. मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या कारकिर्दीत 1962 साली सूचना निघाल्या: बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याची आई, आजी, आणि जमेल तितकी मागे चौकशी करावी. कोकणातल्या ज्या बायकांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती, त्यांचाच पुरावा मागितला गेला. निदर्शनं झाली, धरणी धरली गेली. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला त्यात लक्ष घालावं लागलं, आणि मग सूचनांतून बेने इस्रायलांचं नाव निघालं. माझ्या मते त्या वर्षांनी वंशावळींचं एक नुकसानही केलं. पुरावा मागितला की माणसं पुरावा जमवतात. ‘असं म्हणतात’ची जागा ‘असंच होतं’ने घेतली. त्या काळात तयार झालेली वंशावळ हाती आली तर ती अगदी सरळ, सुबक असते. तिच्याकडे जरा संशयानेच पाहावं.

आता एक कल्पित उदाहरण. बीरशेबातल्या नातीकडे एवढंच आहे: खापरपणजोबा मुसाजी, पेणचे, पलटणीत होते. पेणच्या दगडांवर दोन मुसाजी निघतात, एक मुसाजी समाजी, दुसरे मुसाजी अबाजी. तिच्या घरात थोरल्या मुलाचं नाव सॅम्युएल, म्हणजे पारडं पहिल्याकडे झुकतं. पण थोरला दगावला असेल आणि हा खरं तर धाकटा असेल तर? मग पलटणीची यादी बघायची. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे, लंडनला इंडिया ऑफिसचे कागद आहेत. यादीत ‘मुसाजी इस्रायल’ सापडला, बापाचं नाव नाही, गावाच्या रकान्यात वाक्रूळ. पेणच्या एका बाईच्या दगडावर ‘बत शमुएल’ आणि खाली मराठीत माहेर वाक्रूळकर. आता मुसाजी समाजी आणि ही बाई भावंडं असण्याचा संभव चांगला वाढला. सिद्ध झालं का? नाही. झाडात दोघांमध्ये ठिपक्यांची रेघ काढायची, शेजारी दगडाचा फोटो, यादीचा पान क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहायची. मुसाजी अबाजींचं नावही त्याच पानावर ठेवायचं, खोडायचं नाही. पुढचा शोध अष्टमीच्या बाजूला, कारण दगडावरच्या त्या बाईचा नवरा रोहेकर आहे आणि रोह्याकडचं सिनेगॉग अष्टमीत.